पी.टी.चे सर कुणासाठी घडतात?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला आजवर जे प्रशिक्षक लाभले, त्यांतल्या एकाच्याच नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त आहेत. ५५ सामने जिंकले, ६० गमावले. हे प्रशिक्षक म्हणजे जेम्स नेस्मिथ, ज्यांनी बास्केटबॉल हा खेळच जन्माला घातला. १८९८ मध्ये ते कॅन्ससला रुजू झाले ते संघाला जिंकवून देण्यासाठी नव्हे. विद्यापीठातली रोजची प्रार्थना आणि विद्यार्थ्यांचं शारीरिक शिक्षण अशा दोन जबाबदाऱ्या त्यांच्याकडे होत्या. धर्मशास्त्राचं शिक्षण त्यांनी आधीच पुरं केलं होतं आणि वैद्यकाची पदवीही हातात होती. बास्केटबॉल हा खेळायचा खेळ आहे, त्याला प्रशिक्षक कशाला हवा, अशीच त्यांची धारणा होती. क्रीडाजगतात ही आकडेवारी गंमत म्हणून सांगतात. मला ती गंमत वाटत नाही. ज्या ख्रिस्ती संस्थेत नेस्मिथ शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून घडले, तिथल्या घडणीचा तो सरळ परिणाम आहे. समोर उभ्या असलेल्या वर्गातल्या कोणत्या मुलासाठी आपण इथे आहोत, हा त्या घडणीतला मुख्य प्रश्न होता. उत्तर होतं, सगळ्यांसाठी. आणि ज्याला खेळ जमत नाही त्याचा विचार आधी. आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमात, म्हणजे बी.पी.एड.मध्ये, आज जवळजवळ सगळं आहे, हा प्रश्न मात्र कडेला पडला आहे. तो पुन्हा मध्यभागी आणल्याशिवाय शाळेतला खेळाचा तास सुधारणार नाही, असं माझं म्हणणं आहे.

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक तयार करण्याचं काम ख्रिस्ती संस्थांनी अंगावर घ्यावं, हे वरकरणी विचित्र वाटतं. त्या परंपरेत शरीराकडे संशयाने पाहण्याची सवय जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्जली आणि टॉमस ह्यूज यांच्यासारख्या लेखकांनी वेगळा सूर लावला. धट्टंकट्टं शरीर आणि खिलाडू वृत्ती हीसुद्धा धर्माचरणाचीच अंगं आहेत, असं ते मांडू लागले. लंडनमध्ये १८४४ साली जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातल्या तरुण नोकराने यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजेच वायएमसीए, सुरू केली होती. खेड्यातून शहरात कामाला आलेल्या पोरांना बायबलवाचन आणि प्रार्थनेसाठी एकत्र आणणं एवढाच तिचा आरंभीचा हेतू. अमेरिकेत गेल्यावर या संस्थेने व्यायामशाळा उघडल्या आणि तिथे अडचण उभी राहिली. व्यायाम शिकवायला मिळत ते सर्कशीतले कसरतपटू, मुष्टियोद्धे किंवा निवृत्त सैनिक. त्यांना स्वतःला कसरत उत्तम येई, पण दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या कारकुनाच्या शरीराला काय झेपेल आणि त्याच्या मनाला काय रुचेल, याचा विचार त्यांनी कधी केलेला नसे. या अडचणीतून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावी १८८५ मध्ये ख्रिस्ती कार्यकर्त्यांसाठी एक प्रशिक्षणशाळा निघाली आणि दोन वर्षांनी तिथे शारीरिक शिक्षणाचा विभाग सुरू झाला.

या विभागाची वैचारिक बाजू सांभाळली ल्यूथर गुलिक यांनी. गुलिक डॉक्टर होते. खेळताना माणसाच्या मनात काय चालतं, याचं त्यांना विलक्षण कुतूहल होतं. शरीर, बुद्धी आणि आत्मा या तीन बाजूंचा त्रिकोण त्यांनी संस्थेपुढे ठेवला; वायएमसीएच्या बोधचिन्हात तो आजही दिसतो. तिन्ही बाजू सारख्या असाव्यात, एकीच्या बळावर दुसरी आखूड करायची नाही, हा त्यामागचा विचार. बोधवाक्यं सगळ्याच संस्थांची देखणी असतात, म्हणून त्रिकोण काढला एवढ्यावर मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. पुरावा पाहायचा तो कामात. स्प्रिंगफिल्डमध्ये शिकणाऱ्याला शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र आणि बायबल यांचा अभ्यास व्यायामाच्या जोडीने करावा लागे. हात किती जोरात फिरवायचा हे सांगण्यापूर्वी तो हात कुणाचा आहे हे समजून घ्यावं, अशी ती मांडणी होती. तिथे तयार झालेल्यांनी प्रत्यक्ष वर्गापुढे उभं राहून काय केलं, यात खरी परीक्षा आहे. ती पाहायला १८९१ च्या डिसेंबरातला एक वर्ग पुरेसा आहे.

वर्गात अठरा जण होते. हे सगळे वायएमसीएचे भावी कार्यवाह. वयाने मोठे, व्यायामाचा कंटाळा असलेले. हिवाळ्यामुळे मैदान बंद. आत व्यायामशाळेत तीच ती कवायत आणि तेच ते दांड्यांवरचे प्रकार करून वर्ग वैतागला होता. नेस्मिथ यांच्या आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. गुलिक यांनी नेस्मिथना दोन आठवड्यांची मुदत दिली. नेस्मिथ यांनी आधी फुटबॉल, लॅक्रॉस असे मैदानी खेळ आत आणून पाहिले. जागा अपुरी, धक्काबुक्की फार, कुणी जखमी होण्याची भीती. मग त्यांनी धक्काबुक्की नेमकी कशामुळे होते, याचा शोध घेतला. चेंडू घेऊन पळता येतं म्हणून पळणाऱ्याला पाडावं लागतं. तर मग चेंडू हातात असताना पळायचंच नाही. गोल जमिनीलगत उभा असतो म्हणून चेंडू सगळी ताकद लावून हाणला जातो. तर मग गोल डोक्याच्या वर आडवा ठेवायचा, म्हणजे चेंडू अलगद कमान घेत टाकावा लागेल आणि ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा ठरेल. शाळेच्या रखवालदाराने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंचीवर होता, म्हणून आजही जगभर बास्केटची कडी दहा फुटांवरच असते. नियम तेरा. खांद्याने ढकलणं, धरणं, पाय घालणं, मारणं यांना मनाई. दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले आणि अठराच्या अठरा जण खेळले. खेळाडू निवडून बाकीच्यांना कडेला बसवणं हा पर्याय नेस्मिथ यांच्यापुढे होता, पण त्यांनी कुणालाही वगळायचं नाही हे धरून चालत खेळच बदलला. एका शिक्षकाने आपल्या वर्गासाठी तयार केलेला तो पाठ होता.

हे एकट्या नेस्मिथ यांचं वेगळेपण होतं असंही नाही. स्प्रिंगफिल्डमध्येच शिकलेले विल्यम मॉर्गन जवळच्या होल्योक गावच्या वायएमसीएत काम करत. तिथे येणारे बरेचसे मध्यमवयीन व्यापारी होते आणि बास्केटबॉलची धावपळ त्यांना सोसत नव्हती. १८९५ मध्ये मॉर्गन यांनी साडेसहा फूट उंचीवर जाळं बांधलं, दोन बाजू वेगळ्या केल्या आणि अंगाला अंग लागणारच नाही असा खेळ रचला. तोच व्हॉलीबॉल. आज हे दोन्ही खेळ उंच, चपळ, कमावलेल्या खेळाडूंचे म्हणून ओळखले जातात, त्यामुळे त्यांचा जन्म कारकुनांच्या आणि पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी झाला हे विसरायला होतं. जवळच्याच स्मिथ कॉलेजात शिकवणाऱ्या सेंडा बेरेन्सन यांनी नेस्मिथ यांच्या नव्या खेळाबद्दल वाचलं आणि वर्षभराच्या आतच तो आपल्या विद्यार्थिनींसाठी बदलून घेतला. बेरेन्सन ज्यू कुटुंबात जन्मलेल्या होत्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी नेस्मिथ यांच्याकडून उचलली ती पद्धतच: आधी वर्ग बघायचा, मग खेळ ठरवायचा. ही बाब पुढच्या युक्तिवादासाठी महत्त्वाची आहे.

स्प्रिंगफिल्डमध्येच शिकलेले हॅरी क्रो बक १९१९ मध्ये भारतात आले आणि १९२० साली त्यांनी मद्रासला मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणशाळा सुरू केली. चेन्नईतल्या नंदनम भागात ती महाविद्यालय म्हणून आजही चालू आहे. त्या काळी आपल्या शाळांत व्यायाम म्हणजे ड्रिल मास्तर. बहुतेक ठिकाणी तो पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार असे. पगार कमी, शिक्षकखोलीत मान त्याहून कमी. मुलांना रांगेत उभं करायचं, हुकूम द्यायचा, चुकलेल्याला दरडावायचं एवढंच काम. बक यांनी या माणसाच्या जागी शिक्षक आणायचं ठरवलं. त्यांच्याकडे येणाऱ्याला शरीरशास्त्र शिकावं लागे, मुलांपुढे पाठ घ्यावे लागत आणि खेळांचे नियम तर्कासह समजून घ्यावे लागत. बक यांनी खेळांच्या नियमांचं पुस्तक तयार केलं, त्यात भारतीय खेळांनाही जागा दिली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय पथकाचे ते व्यवस्थापक होते. वायएमसीएचेच डॉ. नोरेन यांच्यासह प्रांतोप्रांती हिंडून ऑलिम्पिक संघटना उभ्या करण्यातही त्यांचा वाटा होता. १९२७ मध्ये दोराबजी टाटा यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली तेव्हा नोरेन तिचे सचिव होते. म्हणजे पदकांचं जग बक यांना परकं नव्हतं. पण आयुष्य त्यांनी दिलं ते शाळांना शिक्षक पुरवण्याला. भारतात शारीरिक शिक्षणाच्या प्रशिक्षणाचा इतिहास लिहायचा तर मद्रासपासूनच सुरुवात करावी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो रास्त आहे. या संस्थांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता. खेळ हे आमिष. शिवाय राज्यकर्त्यांचा धर्म तोच, तेव्हा हा सगळा व्यवहार बरोबरीचा नव्हता. काश्मीरचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलं तर आक्षेपाचं वजन कळतं. श्रीनगरच्या मिशन शाळेत १८९० मध्ये आलेले सेसिल टिंडेल-बिस्को यांनी पुढच्याच वर्षी मुलांपुढे फुटबॉल ठेवला. मुलं काश्मिरी पंडितांची. चामड्याला शिवणं त्यांना निषिद्ध. त्यांनी नकार दिला तेव्हा काठ्या घेतलेले शिक्षक भोवती उभे करून त्यांना खेळायला लावलं गेलं. बिस्को यांनी स्वतःच हे अभिमानाने लिहून ठेवलं आहे. मुलाच्या मनाची पर्वा न करता त्याच्या शरीरावर सुधारणा लादायची, हा प्रकार गुलिक यांच्या त्रिकोणात कुठेच बसत नाही. ड्रिल मास्तर आणि बिस्को यांच्यात मग फरक कुठे उरला? तेव्हा ख्रिस्ती संस्था म्हटली की तिथलं शारीरिक शिक्षण आपोआप माणुसकीचं, असा माझा दावा नाही. उलट त्याच परंपरेच्या पोटात दोन प्रवृत्ती होत्या. एकीला मुलाला आपल्या साच्यात बसवायचं होतं, दुसरीला मुलासाठी साचा बदलायचा होता. नेस्मिथ या दुसऱ्या प्रवृत्तीकडे कसे वळले, याची त्यांनी सांगितलेली हकीकत या ठिकाणी उपयोगी आहे. माँट्रियलला धर्मशास्त्र शिकत असताना ते फुटबॉल खेळत आणि सोबती त्यांना त्याबद्दल नावं ठेवत. एका सामन्यात शेजारच्या खेळाडूच्या तोंडून संतापाने शिवी गेली. दुसऱ्या क्षणी त्याने नेस्मिथ यांची माफी मागितली. नेस्मिथ यांनी त्याला कधी एक शब्दही ऐकवला नव्हता. उपदेश न करताही माणसावर परिणाम होतो, आणि तो मैदानावर होऊ शकतो, हे त्यांना तिथे उमगलं आणि व्यासपीठावरून प्रवचन देण्याचा मार्ग सोडून ते स्प्रिंगफिल्डला गेले.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. तालमी होत्या, आखाडे होते, वस्ताद होते. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, आट्यापाट्या होत्या. मग परक्यांनी येऊन शिकवावं असं काय उरलं होतं? परंपरा समृद्ध होती यात शंका नाही, आणि ती कुणाच्या परवानगीची वाट पाहत बसली नव्हती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, म्हणजे मद्रासच्या आधीचं. वैद्य बंधूंनी ते उभं केलं, व्यायाम शिकवणारी माणसं उन्हाळी वर्गांतून तयार केली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. खो-खोच्या नियमांना आकार देण्याचं मोठं काम अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने केलं. पण वस्तादाची पद्धत आणि शाळेची गरज यांत एक फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. तालमीत येतो तो आपल्या इच्छेने. टिकतो त्याला वस्ताद घडवतो, टिकत नाही तो घरी जातो. शाळेच्या वर्गात सगळेच येतात आणि कुणालाही घरी पाठवता येत नाही. दम्याचं मूल येतं, लठ्ठ मूल येतं, पाय अधू असलेलं येतं, चारचौघांत धावायची लाज वाटणारी मुलगी येते. या वर्गासाठी वस्तादाच्या ज्ञानाला जोड लागते, आणि हे आपल्याच माणसांनी ओळखलं होतं. मुंबई प्रांताने १९३७ मध्ये नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्ष होते लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद. योगाला प्रयोगशाळेत नेणारा माणूस. त्यानंतर १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली. तिचे प्राचार्य राहिलेले पी. एम. जोसेफ १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई महाविद्यालय सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य झाले. आज देशभरच्या बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात कबड्डी, मल्लखांब, लेझीम आणि टिपरी आहेत, त्यांच्याच शेजारी बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल आहेत. दोन प्रवाह केव्हाच मिसळले आहेत. आता परकं कोण आणि आपलं कोण, हा वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा दोन्ही प्रवाहांतलं काय वाहून गेलं, हे पाहिलेलं बरं.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. प्रत्येक मूल सारखं मोलाचं, ही भूमिका जर श्रद्धेतून आलेली असेल, तर श्रद्धा नसलेल्या सरकारी किंवा खासगी महाविद्यालयाने ती कुठून आणायची? शिवाय आजच्या ख्रिस्ती संस्थांत तरी ती राहिली आहे का? अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती विद्यापीठांत आज शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांचे अभ्यासक्रम चालतात. पण शिकवण्याचा परवाना ज्या त्या राज्याचा असतो, आणि शाळेत जाऊन घ्यायचे सराव पाठ इतर कोणत्याही विद्यापीठासारखेच घ्यावे लागतात. स्प्रिंगफिल्ड कॉलेज शरीर, बुद्धी आणि आत्मा यांच्या एकत्र शिक्षणाचं ध्येय आजही सांगतं, पण त्याचा कारभार आता स्वतंत्र आहे. चेन्नईच्या महाविद्यालयात सर्व धर्मांचे विद्यार्थी असतात, पदवी तमिळनाडूच्या शारीरिक शिक्षण व क्रीडा विद्यापीठाची असते आणि निकष राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचे. मग ख्रिस्ती काय उरलं, असं विचारता येईल. माझं उत्तर असं की शिक्षकाच्या घडणीला एक कारण लागतं, पण ते एकच एक असावं लागत नाही. बेरेन्सन यांना ख्रिस्ती श्रद्धेची गरज पडली नाही. कुवलयानंदांचं कारण योगातून आलं, अमरावतीच्या वैद्य बंधूंचं राष्ट्रभक्तीतून. राज्यघटना मानणाऱ्याला समतेतून तेच कारण सापडेल. स्प्रिंगफिल्डकडून घ्यायचं ते हे की त्यांनी आपलं कारण उघडपणे सांगितलं आणि मग शिकवण्याच्या पद्धतीला त्यापुढे जाब द्यायला लावला. आणि जिथे ती संस्था कमी पडली तिथे कमी पडली हेही सांगायला हवं: सगळ्यांसाठी म्हणता म्हणता तिथे मुलींना रीतसर प्रवेश मिळायला १९५१ उजाडलं. कारण नीट मांडलेलं असलं की संस्थेची चूकही त्याच मापाने दाखवता येते.

आता आपल्याकडे पाहू. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम. शरीररचना आणि शरीरक्रिया, क्रीडा मानसशास्त्र, जैवयांत्रिकी, क्रीडा वैद्यक, मापन व मूल्यमापन, व्यवस्थापन असे विषय. मैदानी खेळ, जिम्नॅस्टिक्स, योग, पोहणं, संचलन यांची प्रात्यक्षिकं. आणि शाळांत जाऊन घ्यायचे सराव पाठ. कागदावर हा अभ्यासक्रम कुठेही उणा नाही. प्रश्न आहे तो भर कुठे दिला जातो याचा. प्रवेशाच्या वेळी आंतरमहाविद्यालयीन किंवा त्याहून वरच्या स्पर्धांत खेळल्याचं प्रमाणपत्र मोलाचं ठरतं. महाराष्ट्रात सीईटीच्या लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही असते. अंगात खेळ नसलेल्या माणसाने खेळ शिकवू नये हे खरंच, म्हणून ही अट चुकीची म्हणता येत नाही. पण तिचा एक परिणाम होतो. वर्गात येतात ते बहुतेक सगळे जिंकलेले, निवडले गेलेले, लहानपणापासून मैदानावर सहज वावरलेले तरुण. ज्या मुलाला चेंडू अंगावर आला की डोळे मिटावेसे वाटतात, त्याचं मन त्यांनी आतून अनुभवलेलं नसतं. ही उणीव भरून काढणं हे प्रशिक्षणाचं पहिलं काम असायला हवं. प्रत्यक्षात सारी व्यवस्था त्यांना उलट दिशेने ढकलते. शाळेत लागल्यावर त्यांचं काम मोजलं जातं ते जिल्हा आणि विभाग पातळीवर किती मुलं गेली यावर. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात ते स्पर्धा खेळणाऱ्यांनाच. सूचनाफलकावर फोटो लागतो तो चषक घेतलेल्या संघाचा. उरलेल्या मुलांचं काय झालं, हे विचारणारा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही, साध्या हिशोबाने दाखवता येतं. पस्तीस मिनिटांचा तास धरा. मैदानावर जाणं, हजेरी, थोडं अंग मोकळं करणं आणि परत येणं यात दहा मिनिटं जातात. उरली पंचवीस. वर्ग चाळीस मुलांचा. सरांनी एक चेंडू काढला, एक रांग केली आणि एकेकाला बास्केटमध्ये चेंडू टाकायला सांगितलं. एका मुलाला वीस सेकंद लागतात असं मानलं तर पंचवीस मिनिटांत पंचाहत्तर पाळ्या होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोनसुद्धा नाहीत. तासभर व्यायाम झाला असं वेळापत्रक म्हणतं. मूल हललं चाळीस सेकंदांहून कमी. आता त्याच चाळीस मुलांचे पाच-पाचांचे आठ गट करा, प्रत्येकाला एक चेंडू द्या. चामड्याचा नसेल तर चिंध्यांचा, टोपलीच्या जागी भिंतीवर खडूने काढलेलं वर्तुळ. तेवढ्याच वेळात प्रत्येकाला पंधरा पाळ्या मिळतात. खर्च काही नाही. फरक आहे तो आखणीचा, आणि आखणी ही प्रशिक्षणात शिकायची गोष्ट आहे. खेळांच्या निवडीचंही तेच. संगीत खुर्ची, डॉजबॉल यांसारख्या बाद होण्याच्या खेळांत सर्वांत आधी बाहेर बसतं ते सर्वांत हळू मूल, म्हणजे ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज आहे तेच. बाद झालेल्याने कडेला न बसता दुसऱ्या गटात जाऊन खेळ चालू ठेवायचा, एवढा एक नियम बदलला की खेळाचं रूप पालटतं. नेस्मिथ यांनी टोपली वर टांगून केलं ते याच जातीचं काम होतं.

इथे कुणी म्हणेल की देशाला पदकं हवी आहेत आणि गुणी मुलं शाळेतच हेरली पाहिजेत; चाळीस जणांच्या मागे लागून त्यांतल्या दोघा गुणी मुलांचं नुकसान का करायचं? हेरावीत, जरूर हेरावीत. पण ते प्रशिक्षकाचं काम आहे. त्यासाठी अकादमी आहेत, क्लब आहेत, क्रीडाप्रबोधिनी आहेत, शाळा सुटल्यानंतरचा वेळ आहे. सगळ्यांना लागू असलेला तास दोघांच्या सरावासाठी वापरला तर उरलेल्या अडतीस जणांना दुसरा तास कुठे मिळणार? त्यांची गरज किती मोठी आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं. ११ ते १७ वयोगटातल्या जगभरातल्या मुलामुलींपैकी ८१ टक्के जण रोज एक तास हालचालीचं किमान माप गाठत नाहीत. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५. या वयात मैदानाशी नातं तुटलं की पुढे मधुमेह आणि रक्तदाबाच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते, हे वेगळं सांगायला नको. आणि गुणी मुलांचंही नुकसान होत नाही. ज्या शाळेत चाळीसही जण पळतात तिथेच दबून राहिलेला धावपटू दिसतो. रांगेत उभा असलेला दिसत नाही.

आणखी एक आक्षेप खुद्द शिक्षकांचा आहे आणि त्यात कळकळ आहे. आम्हाला तास मिळतच नाही, मिळाला तर गणिताचे सर मागून घेतात. बदली तास आमच्याकडे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आमच्याकडे, निवडणुकीचं काम आमच्याकडे. मग कसली आखणी? ही तक्रार खरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान हवं असं सांगितलं, पण सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही पटसंख्या शंभरावर असेल तर, आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला दिला तो अर्धवेळ निदेशक. कायद्यातच ज्याचं काम अर्ध्या वेळाचं मानलं गेलं, त्याचा तास मागून घेताना कुणाला संकोच वाटत नाही. ड्रिल मास्तराला शिक्षकखोलीत मिळणारी वागणूक शंभर वर्षांनंतरही पुरती पुसली गेलेली नाही. सरकारने पूर्णवेळ पदं भरली पाहिजेत, याला पर्याय नाही. तरीही या तक्रारीने माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट भक्कम होतं. जोवर या तासातून फक्त संघातल्या अकरा-बारा मुलांचा फायदा होताना दिसतो, तोवर बाकीच्या पालकांना तो तास गणिताला गेला तर काहीच गमावल्यासारखं वाटणार नाही. आपल्या मुलाचा दम वाढला, तो हातपाय आपणहून हलवू लागला, मुलगी खेळून हसत घरी आली, हे सगळ्या पालकांना दिसू लागलं की तो तास परत मागायला सरांना एकट्याने भांडावं लागणार नाही.

म्हणून शारीरिक शिक्षणाच्या पदवीला प्रवेश घेऊ पाहणाऱ्याने, मग महाविद्यालय ख्रिस्ती असो, सरकारी असो वा एखाद्या व्यायाम मंडळाचं, माहितीपत्रकातल्या सिंथेटिक ट्रॅकच्या फोटोवर फार विसंबू नये. ट्रॅक चांगला असणं चांगलंच. पण त्याहून कळीची जागा सराव पाठाची असते. एखाद्या शाळेत त्या महाविद्यालयाचा प्रशिक्षणार्थी पाठ घेत असेल तर परवानगी काढून तो पाहावा. एका वेळी किती मुलं हलत आहेत आणि किती जण पाळीची वाट पाहत उभे आहेत, हे मोजावं. पाठ संपल्यावर निरीक्षक प्राध्यापक काय विचारतात ते ऐकावं. शिट्टी वेळेवर वाजली का, गणवेश ठीक होता का, पाठ टाचण सुवाच्य होतं का, एवढ्यावरच चर्चा संपत असेल तर तिथे ड्रिल मास्तरच तयार होत आहेत. त्या कोपऱ्यातली मुलगी पंचवीस मिनिटांत चेंडूला एकदाही शिवली नाही, तिच्यासाठी उद्याच्या पाठात काय बदलशील, असा प्रश्न तिथे विचारला जात असेल, तर प्रवेश घ्यायला हरकत नाही.